आपट्यापासून शिरीषापर्यंत: कॉलेजच्या लॅबमधला देशी मिनी जेल संच

मी कोल्हापुरात एका सीनियर कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकवते. एम. एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी आमची मुलं शेंगा येणाऱ्या झाडांच्या बियांमधली प्रथिनं जेलवर चालवतात, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरातून वीज सोडून वजनाप्रमाणे वेगळी करतात, आणि जे पट्टे उमटतात त्यांवरून कुठलं झाड कुणाच्या नात्यातलं, हे शोधतात. या कामासाठी विभागाने देशी बनावटीचा मिनी व्हर्टिकल जेल इलेक्ट्रोफोरेसिस संच घेतला, त्याचा हा अनुभव. याच घडणीचे संच बाजारात निरनिराळ्या लेबलांखाली मिळतात, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. निकाल आधीच सांगते: कॉलेजने हा संच जरूर घ्यावा. जे उत्तर मुलांनी आजवर फक्त पुस्तकात वाचलं, त्याचा प्रश्न त्यांना आता स्वतः झाडाला विचारता येतो, आणि एवढ्या पैशांत ते दुसऱ्या कशाने होत नाही.

खोक्यात काय येतं? ॲक्रिलिकची टाकी, लाल-काळ्या वायरी असलेलं झाकण, आत बसणारी इलेक्ट्रोडची चौकट, जेल ओतायचा स्टँड, काचांच्या जोड्या (एक साधी, एक वर खाच असलेली), काचांमध्ये अंतर राखणारे एक मिलिमीटरचे स्पेसर, जेलमध्ये नमुन्यांसाठी खळगे पाडणारे दहा दातांचे कोंब (कंगवे) आणि सिलिकॉनच्या पट्ट्या. वीज पुरवणारा पॉवर पॅक वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही मिळून, कर धरून, चाळीस हजारांच्या आत बसलं. एका नावाजलेल्या परदेशी संचाचं कोटेशनही आम्ही मागवलं होतं. त्या पैशांत असे तीन तरी आले असते. पॅकिंग चांगलं होतं, थर्मोकोलच्या खाचांत प्रत्येक काच वेगळी बसवलेली, एकही तडकलेली निघाली नाही. सोबतची माहितीपुस्तिका मात्र चार पानांची, आणि त्यातलं एक पान वॉरंटीच्या अटींचं.

आता बियाच का, ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय संचाचे गुणदोष कळणार नाहीत. पानाच्या आकारावर ऊन-पाण्याचा, जमिनीचा, झाडाच्या वयाचा परिणाम होतो. पक्व, सुक्या बीमधली साठवणीची प्रथिनं त्या मानाने स्थिर असतात. रोप स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत त्याला लागणारा नायट्रोजन साठवून ठेवणं हे त्यांचं काम, आणि त्यांची घडण थेट जनुकांवरून ठरते. लॅडिझिन्स्की आणि हायमोविट्झ यांनी १९७९ साली या पद्धतीचा आढावा घेतला तेव्हा दोन गोष्टींवर भर दिला होता: पट्ट्यांची ही स्थिरता, आणि संकरात दोन्ही आईबापांचे पट्टे एकत्र दिसणं. जेल रुळण्याआधी हेच काम सशांच्या रक्तावर चालायचं. एका वनस्पतीच्या बीतलं प्रथिन सशाला टोचायचं, त्याच्या रक्तात तयार झालेला प्रतिसीरम (त्या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव) दुसऱ्या वनस्पतीच्या अर्काशी मिसळायचा आणि किती साका बसतो ते बघायचं. साका जास्त म्हणजे नातं जवळचं. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात ॲलन बॉयडन यांनी १९४८ साली अशा तुलनांसाठी सिरॉलॉजिकल म्युझियमच उभं केलं होतं. आमच्या बी. एस्सी.च्या मुलांना हा भाग मी मुद्दाम सांगते, कारण नातं प्रथिनात वाचता येतं ही कल्पना डीएनए वाचता येण्याच्या खूप आधीची आहे.

शेंगावाल्या झाडांच्या बियांमध्ये मुख्य साठा ग्लोब्युलिनचा असतो, म्हणजे मिठाच्या पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांचा. साध्या पाण्यात विरघळतात ती अल्ब्युमिनं. विद्राव्यतेवरून केलेली ही वाटणी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ टॉमस ऑसबॉर्न यांची, आणि शंभर वर्षं उलटली तरी प्रयोगशाळेत तीच चालते. ग्लोब्युलिनमध्ये पुन्हा दोन घराणी: व्हिसिलिन म्हणजे ७एस आणि लेग्युमिन म्हणजे ११एस (एसचा आकडा सेंट्रिफ्यूजमध्ये प्रथिन किती वेगाने खाली बसतं ते सांगतो). ही दोन घराणी वेगळी ओळखण्याची एक सुरेख युक्ती आहे, आणि संचाचा कस तिथेच लागतो. ती पुढे सांगते.

बी गोळा करण्याबद्दल आधी थोडं, कारण संच कितीही चांगला असला तरी बी चुकीचं असेल तर सगळं वाया. नर्सरीच्या पाकिटातलं बी प्रोजेक्टला घेऊ नका. शिरीष म्हणून दिलेलं बी शिरीषाचंच आहे याची खात्री कोण देणार? आमच्याकडे मुलं झाडाखाली जाऊन शेंगा गोळा करतात, त्याच झाडाची फुला-पानांची फांदी हर्बेरियमसाठी दाबून ठेवतात, आणि एका जातीच्या निदान चार-पाच झाडांच्या बिया एकत्र करतात. यासाठी कोल्हापूर सोयीचं गाव आहे. रंकाळ्याकडे, कळंब्याच्या वाटेवर, विद्यापीठाच्या आवारात गुलमोहर, रेन ट्री, पेल्टोफोरम, करंज, बहावा सहज सापडतात. पळस आणि पांगाऱ्यासाठी पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला जावं लागतं. शिरीषाच्या शेंगा हिवाळा सरताना वाऱ्यावर खुळखुळ वाजतात, तेव्हाच उतरवाव्यात. उशीर केला की निम्म्या शेंगांना कीड. करंजाचंही तसंच.

अर्क काढण्याचं काम मिक्सरने होत नाही, गरम होऊन प्रथिनं बिघडतात. आम्ही खलबत्ता फ्रीजरमध्ये ठेवून त्यात कुटतो. पण प्रत्येक झाडाची खोड निराळी. करंजाच्या बीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तेल असतं, ते हेक्झेनने धुऊन काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चिंचोक्यात झायलोग्लुकन हे चिकट कर्बोदक इतकं भरलेलं, की बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घातला की खळ तयार होते. (कापडाला आणि तागाला खळ द्यायला चिंचोक्याचं पीठ वापरतात ते याच गुणामुळे.) गुलमोहराचं बी तर बघण्यासारखं आहे. टणक सालीला नेलकटरने चिरा देऊन रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी साल सुटते आणि आत दोन्ही बाजूंनी काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत थर दिसतो. हा भ्रूणपोष, गॅलॅक्टोमॅनन या गोंदाने भरलेला. त्याच्या मधोमध पिवळसर डाळिंबी, म्हणजे बीजपत्रं. प्रथिनं या डाळिंबीत. बोटांनी ती बुळबुळ ओढून काढायची आणि फक्त पिवळा भाग खलबत्त्यात घ्यायचा. हे न करता अख्खं बी कुटलं की नमुना पिपेटमध्ये चढत नाही, वेलमध्ये (जेलवरच्या खळग्यात) घातला की बसत नाही, आणि जेलवर वरपासून खालपर्यंत निळी फरफट उमटते. तशी फरफट दिसली तर संचाला दोष देऊ नका. बहाव्यालाही हीच काळजी घ्यावी लागते.

मग मिठाच्या बफरमध्ये अर्क, सेंट्रिफ्यूज, आणि वरचं पाणी डायलिसिसच्या नळीत (जिच्यातून मीठ बाहेर जातं, प्रथिनं जात नाहीत) भरून थंड पाण्यात लोंबतं सोडायचं. मीठ हळूहळू बाहेर निघून गेलं की ग्लोब्युलिनला विरघळून राहता येत नाही, नळीतलं स्वच्छ द्रावण पांढुरकं गढूळ होतं आणि तळाला साका बसतो. अल्ब्युमिन वर पाण्यातच राहतं. दरवर्षी कुणी ना कुणी मूल नळी हातात धरून पळत येतं, "मॅडम, बसलं खाली!" मला तो क्षण फार आवडतो.

आता मुख्य गोष्ट, जेल ओतणं. इथे या संचाची सगळ्यात मोठी उणीव आहे. स्टँडमध्ये काचांची जोडी खालच्या सिलिकॉनच्या पट्टीवर दाबून बसते, पण दाब दोन्ही टोकांना सारखा पडत नाही. उजवीकडचा स्क्रू घट्ट केला की डावीकडून थेंब थेंब गळती सुरू. ॲक्रिलामाइड हे मज्जासंस्थेला घातक रसायन आहे, जेल घट्ट होण्याआधी ते टेबलावर सांडणं ही गंमत नव्हे. मुलांना हातमोज्यांशिवाय जवळ येऊ देत नाही. विक्रेत्याला फोन केला तर "स्क्रू अजून आवळा" एवढंच उत्तर. आवळला तर काचेचा कोपरा उडतो. शेवटी दोन उपाय लागू पडले. एक, खालच्या फटीत आधी एक टक्का ॲगारोजचा पातळ थर ओतून तो गोठू द्यायचा आणि त्यावर जेल ओतायचं. दुसरा कायमचा: आमचे लॅब अटेंडंट मामा स्टँड घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले आणि तिथल्या एका कारागिराकडून पट्टीखाली बसेल अशी ॲक्रिलिकची सपाट पाचर घासून आणली. तेव्हापासून गळती बंद. फौंड्री आणि लेथच्या गावात राहण्याचा हा फायदा आहे, पण दुसऱ्या गावच्या कॉलेजने कुठे जायचं? बनवणाऱ्यांनी हे घरातच नीट करून द्यायला हवं.

कोंबाचे दात कडेला खरखरीत होते. बाहेर काढताना वेलच्या भिंती फाटायच्या आणि शेजारच्या दोन लेनचे (एकेका वेलखालच्या रांगांचे) नमुने एकमेकांत जायचे. पाण्याचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला आणि प्रश्न मिटला. काचा मात्र उत्तम, कडा गुळगुळीत, जाडी सारखी. स्पेसर सुटे आहेत. ते काचेला चिकटवलेले असते तर नवशिक्याचा अर्धा ताप कमी झाला असता.

जेलची कृती लेम्ली यांची, १९७० सालची. आम्ही खाली १२ टक्क्यांचं, पीएच ८.८ चं जेल ओततो आणि वर ५ टक्क्यांचं, पीएच ६.८ चं. वरच्या जेलमध्ये सगळी प्रथिनं एका बारीक रेषेत गोळा होतात आणि खाली शिरल्यावर वजनाप्रमाणे सुटी होत जातात. हे या संचावर किती व्यवस्थित होतं, ते मार्करच्या, म्हणजे वजन माहीत असलेल्या प्रथिनांच्या, लेनमध्ये दिसतं: ९७ ते १४ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) पट्टे सुटे, सरळ, कडा धारदार. जेलची उंची कमी असल्यामुळे ३० ते ४५ किलोडाल्टनच्या टप्प्यात गर्दी होते, शेंगावाल्या झाडांचे बरेच पट्टे नेमके तिथेच असतात. मोठ्या जेलवर ते जास्त सुटे दिसले असते. पण मोठ्या जेलला वेळ, रसायन आणि काचा फुटण्याची शक्यता, सगळंच जास्त. मिनी जेल दीड-दोन तासांत होतं, म्हणजे एका प्रॅक्टिकलमध्ये बसतं. माझ्या मते कॉलेजसाठी हा सौदा बरोबर आहे.

उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा. टाकीला थंड ठेवायची काही सोय नाही. एप्रिल-मे महिन्यात १५० व्होल्टवर चालवलं की मधल्या लेन जास्त गरम होऊन पुढे पळतात, कडेच्या मागे राहतात आणि पट्टे वाकतात. वाकलेल्या पट्ट्यांवरून दोन झाडांची तुलना करणं धोक्याचं, कारण कडेचा ४० चा पट्टा मधल्या ४३ च्या उंचीवर दिसू शकतो. टाकी बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवा, १०० व्होल्टवर चालवा, अर्धा-पाऊण तास जास्त द्या. पावसाळ्यात आणि थंडीत काही करावं लागत नाही.

पॉवर पॅकबद्दल माझी तक्रार खरी आहे. आकडे स्थिर राहतात, टायमर अचूक आहे, झाकण काढलं की वीज तोडली जाते, हे सगळं चांगलं. पण लाईट गेली आणि आली, की तो आपणहून सुरू होत नाही आणि आवाजही करत नाही. वळवाच्या दिवसांत दुपारी वीज जाते, आम्ही वर्गावर असतो, परत येऊन बघावं तर प्रथिनं जेलमध्ये जागच्या जागी पसरून पट्टे धुरकट झालेले. ज्या बिया वर्षातून एकदाच मिळतात त्यांच्या नमुन्याचं असं झालं की जीव कळवळतो. इन्व्हर्टरची लाईन ओढून घ्या, त्याशिवाय सुरू करू नका.

आता ती युक्ती. लेग्युमिनचा एक घटक साधारण ६० किलोडाल्टनचा असतो, पण तो खरं तर दोन साखळ्यांचा जोड आहे: एक आम्लधर्मी, ४० च्या आसपास, दुसरी अल्कधर्मी, २० च्या आसपास. दोघींना गंधकाचा डायसल्फाइड बंध बांधून ठेवतो. नमुन्यात बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घातलं की हा बंध तुटतो. व्हिसिलिनमध्ये असे बंध नसल्यामुळे त्याच्यात बदल होत नाही. म्हणून एकाच झाडाचा नमुना एका लेनमध्ये बीटा-मरकॅप्टोइथेनॉलशिवाय आणि दुसऱ्या लेनमध्ये ते घालून चालवायचा. आमच्या जेलवर पळसाच्या पहिल्या लेनमध्ये ६० जवळ ठळक पट्टा आला. दुसऱ्या लेनमध्ये तो फिका पडला आणि खाली ४० आणि २० जवळ दोन नवे पट्टे उभे राहिले. बंध तुटलेला डोळ्यांनी दिसतो. दोन लेनच्या मध्ये एक लेन रिकामी सोडायला विसरू नका, नाहीतर ते रसायन शेजारी झिरपून न तुटलेल्या नमुन्यालाही तोडतं. दहा दातांच्या कोंबात अशा रिकाम्या लेन सोडल्यावर एका जेलवर तीनच झाडं बसतात. पंधरा दातांचा कोंब सोबत मिळायला हवा होता. तो वेगळा मागवावा लागतो. आणि हे रसायन धूर ओढणाऱ्या कपाटातच हाताळा. त्याचा वास मजल्यावर दोन दिवस राहतो, मामा अजून त्यावरून मुलांना रागावतात.

कुमासी ब्लूने रंगवून, धुऊन झालं की जेल आम्ही एका डॉक्टरांनी दिलेल्या जुन्या एक्स-रे बघायच्या पेटीवर ठेवतो आणि मोबाईलने वरून फोटो घेतो. महागड्या जेल डॉक्युमेंटेशनची यासाठी गरज नाही.

मग मोजणी. समजा एका झाडाचे १८ पट्टे, दुसऱ्याचे १६, त्यातले १२ समान उंचीवर. दोघांचे मिळून वेगवेगळे पट्टे २२. बारा भागिले बावीस, म्हणजे ०.५५. हा जॅकार्डचा साम्य गुणांक. सगळ्या जोड्यांचे असे आकडे काढून यूपीजीएमए पद्धतीने (सरासरी साम्य जास्त असलेले गट आधी जोडत जाऊन) फांद्यांचा आराखडा मांडायचा. मुलं हे आता फुकटच्या सॉफ्टवेअरवर क्षणात करतात, पण पहिल्यांदा मी कागदावरच करायला लावते.

आणि इथे हा चाळीस हजारांचा संच खरा कामाला येतो. पूर्वी आम्ही शिकलो ते शिंबावंत, म्हणजे शेंगा येणाऱ्या झाडांच्या, कुलाचे तीन उपकुल फुलांवरून: पळसासारखी पतंगाकार फुलं, गुलमोहरासारखी मोकळ्या पाच पाकळ्यांची, आणि शिरीषासारखे पुंकेसरांचे गोंडे. २०१७ साली लेग्यूम फायलोजेनी वर्किंग ग्रुप या शास्त्रज्ञांच्या गटाने मॅट-के या जनुकाच्या आधारे, ३,६९६ जातींचा विचार करून, ही मांडणी बदलली. आता उपकुल सहा. शिरीष, बाभूळ, रेन ट्री, शमी यांचा गट स्वतंत्र उपकुल राहिला नाही. तो गुलमोहर आणि बहाव्याच्या सिसाल्पिनिऑइडीमध्ये गेला. उलट आपटा आणि कांचन, जे आम्ही गुलमोहराचे जवळचे म्हणून शिकलो, ते सर्सिडॉइडी या वेगळ्याच उपकुलात गेले. चिंच आणि सीतेचा अशोक डिटॅरिऑइडीमध्ये. करंज, पळस, पांगारा, ग्लिरिसिडिया मात्र होते तिथेच, पॅपिलिओनॉइडीमध्ये.

मुलांना हे पाठ करायला सांगितलं तर परीक्षेपुरतं टिकतं. दसऱ्याला दसरा चौकात शमीपूजन होतं आणि लोक आपट्याची पानं सोनं म्हणून लुटतात, तेव्हा एकाच कुलातल्या दोन दूरच्या नातेवाइकांना आपण एका दिवशी हात लावतो, हे किती जणांच्या लक्षात येतं? बाजारात आपट्याच्या नावावर कांचनाच्या फांद्याही विकायला असतात. ते दोघं मात्र खरोखर जवळचे. एका मुलीने आपटा, कांचन, गुलमोहर, पेल्टोफोरम, शिरीष आणि रेन ट्री असे सहा अर्क शेजारी शेजारी चालवले. आपटा आणि कांचन यांचे पट्टे एकमेकांशी चांगले जुळले, गुलमोहराशी दोघांचेही कमी. शिरीष आणि रेन ट्री यांची जोडी तर लांबून बघूनच कळत होती. रेन ट्रीला अनेक पुस्तकांत अल्बिझिया सामान म्हणजे शिरीषाच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) का धरलंय, हे तिने मला विचारलं नाही. तिनेच मला जेलवर बोट ठेवून दाखवलं. रेन ट्री मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा, शिरीष आपल्याकडचा, मध्ये अख्खे महासागर.

शिरीष गुलमोहराच्या उपकुलात का, हे मात्र या जेलवरून सांगता आलं नाही, आणि सांगू नये. तेवढ्या जुन्या नात्यासाठी पट्टे अपुरे पडतात. दोन झाडांचे पट्टे एका उंचीवर आले म्हणजे वजन सारखं, एवढंच सिद्ध होतं. प्रथिन तेच आहे हे नाही. उपकुलांच्या फांद्या डीएनएवरूनच लावाव्यात. प्रजातीच्या आत किंवा शेजारच्या प्रजातींमध्ये हे तंत्र बोलकं असतं, जितकं लांब जाल तितका त्याचा आवाज क्षीण होतो. काही प्रोजेक्ट अहवालांत सहा झाडांच्या एका जेलवरून सगळ्या कुलाची उत्क्रांती सांगितलेली मी वाचली आहे, ती घाई विद्यार्थ्याच्या हिताची नाही. बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ या तिघांना पूर्वी अकेशिया म्हणायचे. आता बाभूळ व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया आणि अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये तसं ठरलं आणि २०११ साली मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. हे तिघे एका जेलवर चालवणं उत्तम प्रोजेक्ट आहे, पण तिथेही निष्कर्ष "पट्टे इतके जुळले, इतके जुळले नाहीत" इथवरच ठेवावा.

सर्व्हिसचं म्हणाल तर, इलेक्ट्रोडची प्लॅटिनमची तार एकदा टोकाला सुटली. वॉरंटीत होती, तरी सगळी चौकट कुरियरने पाठवावी लागली आणि परत यायला महिन्याच्या वर लागला, ऐन प्रोजेक्टच्या हंगामात. दुरुस्ती नीट झाली, पैसे घेतले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण कोल्हापूर-सांगली-सातारा एवढ्या कॉलेजांसाठी जवळपास एखादा माणूस ठेवायला काय हरकत आहे? सुटे भाग मात्र लवकर येतात.

कुणी घ्यावा: पदव्युत्तर विभाग, प्रोजेक्ट करणारी बी. एस्सी.ची तिसऱ्या वर्षाची तुकडी, आणि ज्या शिक्षकांना गावातल्या झाडांवर काम करायचंय ते सगळे. पीएच. डी.साठी पट्ट्यांचं काटेकोर मोजमाप हवं असेल तर मोठ्या जेलचा, थंड करण्याची सोय असलेला संच बघा. ऑर्डर देताना पंधरा दातांचे दोन कोंब, खाच असलेल्या चार काचा आणि सिलिकॉनच्या पट्ट्यांचा एक जास्तीचा जोड त्याच बिलात घालून घ्या, आणि माल ताब्यात घेताना तिथेच स्टँडमध्ये काचा लावून नुसतं पाणी भरून अर्धा तास ठेवा. गळलं तर स्टँड लगेच बदलून मागा.